माशाचा काटा आणि गेजचा काटा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील चाळीसएक कामगारांच्या एका मशिन शॉपमध्ये मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. विभाग हा शब्द जरा मोठाच झाला. मी, एक तपासनीस, ग्रॅनाइटची एक सरफेस प्लेट आणि कुलूप लावता येईल अशी एक खोली, एवढाच त्याचा पसारा आहे. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्याकडून गेलेल्या अॅल्युमिनियमच्या बेअरिंग हाउसिंगच्या सलग तीन लॉटमधील काही जॉब, म्हणजे तयार भाग, ग्राहकाने परत पाठवले आणि त्यांच्या मागोमाग डेबिट नोटही आली. त्या निमित्ताने मी आयुष्यात पहिल्यांदा, माशाच्या सांगाड्याच्या आकारात दोषाची संभाव्य कारणे मांडणारी कारण-परिणाम आकृती खऱ्या अर्थाने वापरली, म्हणजे उत्तर सापडण्याच्या आधी काढली. त्यापूर्वी अशा आकृत्या मी कमी काढल्या होत्या असे नाही. क्वालिटी सर्कलच्या स्पर्धांसाठी, ऑडिटसाठी आणि ग्राहकाला पाठवायच्या अहवालासाठी मी कितीतरी रंगीत मासे काढले होते, पण ते सगळे उत्तर ठरल्यावर, त्या उत्तराकडे बाण जाईल अशा बेताने काढलेले होते. आमच्या व्यवसायातील बहुतेक मासे असेच मेल्यावर रंगवलेले असतात, असे माझे मत आहे.

जॉब साधा होता. हाउसिंगमध्ये ६२०६ क्रमांकाचे बेअरिंग बसते, त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर असतो, आणि त्यासाठीच्या बोअरला, म्हणजे गोल छिद्राला, ड्रॉइंगवर एच-७ ही टॉलरन्स दिलेली होती. म्हणजे बोअर ६२.००० पेक्षा लहान नको आणि ६२.०३० पेक्षा मोठा नको. सारी मुभा ३० मायक्रॉनची. परत आलेल्या जॉबचे बोअर ग्राहकाच्या वीस अंशांवर राखलेल्या तपासणी कक्षात ६१.९९२ ते ६१.९९८ भरले होते आणि जुळणीच्या वेळी बेअरिंग हाताने आत सरकत नव्हते. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र त्याच अनुक्रमांकांपुढे ६२.०१२, ६२.०१५ असे निर्धास्त आकडे होते.

हे काम पहिल्या पाळीत, सकाळी सात ते दुपारी साडेतीन या वेळेत, एकाच सीएनसी टर्निंग सेंटरवर चालत असे आणि त्या मशीनवर आमचे सर्वांत जुने ऑपरेटर होते. त्यांना सगळे काका म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ, नाकावर जाड चष्मा, आणि दर पाचवा जॉब मोजल्याशिवाय पुढचा न लावण्याची शिस्त. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. सिन्नरकडच्या आपल्या गावच्या दिंडीबरोबर चालत जाण्यासाठी काका दरवर्षी चार दिवसांची रजा घेतात, तशी ती त्यांनी त्या वर्षीही घेतली होती. त्या चार दिवसांत मशीनवर कंत्राटी पद्धतीने घेतलेला एक विशीतला मुलगा उभा होता. परत आलेल्या जॉबचे अनुक्रमांक आम्ही तारखांशी लावून पाहिले, तेव्हा त्या चार दिवसांतला एकही जॉब परत आलेला नव्हता.

निकाल तिथेच लागल्यासारखा होता. काकांचे वय अठ्ठावन्न, चष्मा जाड, गेजच्या डायलवरच्या रेघा बारीक. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितले की काकांना डीबरिंगच्या, म्हणजे जॉबच्या धारा घासून काढायच्या, टेबलावर बसवा, त्यांचा मान ठेवा, पण मशीन त्या मुलाकडे द्या. मी दोन दिवस मागून घेतले. त्यामागे काकांविषयीची माया होती हे खरे, परंतु एक व्यावहारिक अडचणही होती. ग्राहकाला पाठवायच्या अहवालात ‘ऑपरेटरची चूक’ हे मूळ कारण म्हणून चालत नाही, तिथे आकृती जोडावीच लागते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी सेटर, प्रॉडक्शनचे सुपरवायझर, मेन्टेनन्सचा मुलगा, स्टोअरकीपर आणि धुण्या-पॅकिंगच्या टेबलावरच्या मावशी अशा पाच जणांना बोलावले आणि भिंतीवर ड्रॉइंगचा मोठा कागद उलटा चिकटवला. काका यात्रेहून अजून परतले नव्हते. ज्याच्यावर आळ होता, तोच बैठकीला नव्हता, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

या आकृतीचे जनक काओरू इशिकावा हे तोक्यो विद्यापीठात प्राध्यापक होते. १९४३ मध्ये कावासाकीच्या पोलाद कारखान्यातील अभियंत्यांना अनेक कारणांची एकमेकांशी असलेली गुंतागुंत समजावून सांगताना त्यांनी ती प्रथम काढली, असे सांगितले जाते. तिचे जपानी नाव ‘तोकुसेई योइन झू’ असे आहे. म्हणजे एखादे गुणवैशिष्ट्य आणि त्याच्यावर परिणाम करणारे घटक यांचे चित्र. माशाचा सांगाडा हे नाव तिच्या दिसण्यावरून पडले आणि तेच रुळले. मूळ नावात एक उपयोगी सूचना दडलेली आहे. माशाच्या डोक्यात तक्रार लिहायची नसते, मोजता येणारे वैशिष्ट्य लिहायचे असते. मी आधी डोक्यात ‘बोअर रिजेक्शन’ असे ठोकून दिले होते. सेटरने विचारले, “मोठा की लहान?” तेव्हा मी ते खोडून ‘बोअरचा व्यास ६२.००० पेक्षा कमी’ असे लिहिले. तेवढ्याने निम्मी कारणे बोलण्याआधीच गळाली. बोअरला टेपर येणे, चकच्या दाबाने जॉब तीन ठिकाणी दबून बोअर त्रिकोणी होणे, फिनिश खराब येणे, या सगळ्यांची चर्चा एरवी तासभर चालली असती.

मग काट्यांना नावे दिली: माणूस, यंत्र, माल, पद्धत, मोजमाप आणि परिसर. पुढचा तास मी केवळ लेखनिकाचे काम केले. यंत्राच्या काट्यावर सेटरने इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या बदलत्या पात्याची, झीज सांगितली. बोअरिंगमध्ये इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो, त्यामुळे हे कारण वजनदार होते. त्याच काट्याला स्पिंडल गरम होणे आणि टरेटची जागा हलणे ही दोन बारीक हाडे लागली. मालाच्या काट्यावर कास्टिंगचा पुरवठादार बदलल्याची नोंद झाली. माणसाच्या काट्यावर सुपरवायझरांनी जरा दबक्या आवाजात ‘ऑपरेटरची दृष्टी’ असे सांगितले आणि मी ते लिहिले. परिसराच्या काट्यावर मेन्टेनन्सचा मुलगा म्हणाला, “सकाळी लई गार असतंय, सर.” सगळे हसले, कारण त्या आठवड्यात निफाडच्या थंडीची बातमी रोज पेपरात येत होती आणि द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटत होत्या. मी ‘थंडी’ एवढेच लिहिले.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “आधी आम्ही जॉब धुऊन द्यायचो, मग तुमच्या खोलीत माप व्हायचं. आता माप होऊन जॉब आमच्याकडे येतेत. दुपारचे तर हाताला गरम लागतेत.” मी पद्धतीच्या काट्यावर ‘धुण्याआधी मोजणी’ असे लिहिले आणि पुढे सरकलो. गरम लागण्याविषयीचे त्यांचे वाक्य मी लिहिलेच नाही, कारण ते कोणत्या काट्यावर बसते ते मला सुचले नाही.

उरला मोजमापाचा काटा. तो माझा होता. बोअर डायल गेज माझे, त्याचा शून्य लावायची मास्टर रिंग माझी, किती जॉबमागे एक मोजायचा तो तक्ता माझा. पेनही माझ्याच हातात होते. मी फाइल उघडून सर्वांना कॅलिब्रेशनचे, म्हणजे गेज बरोबर मोजते याचे, प्रमाणपत्र दाखवले, मुदत संपायला अजून पाच महिने असल्याचे सांगितले आणि काट्यावर लिहिले, ‘गेज कॅलिब्रेटेड’. हे कारण नव्हते, तो खुलासा होता. समोर बसलेल्यांपैकी कोणी तसे म्हणाले नाही, आणि म्हणण्याची त्यांची पायरीही नव्हती. आज तो कागद पाहताना सर्वांत आधी नजरेत भरतो तो हाच काटा. बाकीच्या पाचांवर मिळून वीसएक हाडे आहेत आणि याच्यावर एक शिक्का.

त्यानंतर मी प्रशिक्षणात शिकलो होतो तसे प्रत्येकाला तीन टिकल्या देऊन मतदान घेतले. सर्वाधिक टिकल्या ऑपरेटरच्या दृष्टीला पडल्या, त्याखालोखाल इन्सर्टच्या झिजेला. धुण्याआधीच्या मोजणीला एकच टिकली होती, ती मावशींनी स्वतः लावलेली. मतदान हा या पद्धतीतला सर्वांत घातक भाग आहे, असे मला आता वाटते. आधी काय तपासायचे एवढेच त्यातून ठरायला हवे, पण टिकल्या मोजून झाल्या की खोलीतल्या सर्वांना उत्तर मिळाल्यासारखे वाटू लागते.

इन्सर्टची झीज तपासणे सोपे होते. नवा इन्सर्ट लावलेल्या दिवसांचे अनुक्रमांक काढले, तर त्या दिवशीचेही जॉब परत आलेले होते, शिवाय पॉलिक्रिस्टलाइन हिऱ्याचा तो इन्सर्ट अॅल्युमिनियमवर एका दिवसात वीस मायक्रॉन झिजणे शक्य नव्हते. कास्टिंगचा नवा पुरवठादार चार दिवसांच्या त्या निर्दोष काळातही तोच होता. म्हणजे फिरून काकांचा चष्मा.

एकादशी झाल्यावर तिसऱ्या दिवशी काका कामावर आले. त्यांनी सगळ्यांना साखरफुटाण्यांचा प्रसाद वाटला आणि वाटता वाटता ते भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. सुरुवातीला माळकऱ्याच्या कारखान्यात मासा टांगल्याबद्दल त्यांनी मला चिडवले. मग त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन माणसाचा काटा वाचला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. ते रागावले नाहीत. मशीनजवळचे आपले रजिस्टर आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “साहेब, दिसत नसतं तर मी ऑफसेटला हात लावलाच नसता. काटा पुढं गेलेला दिसला म्हणून तर मी कमी केला.”

त्या रजिस्टरमध्ये ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती, बदलण्याचा एक रकाना आहे. काकांनी तो दररोज इमानाने भरला होता. सकाळी साडेसातला बोअर ६२.०१५. दहाच्या सुमारास ६२.०१९. साडेबाराला ६२.०२७, आणि त्यापुढे नोंद: ऑफसेट १० मायक्रॉन कमी केला. दोनला पुन्हा ६२.०२५, पुन्हा कमी. बोअर मोठा होत चालला म्हणून त्यांनी तो लहान केला, हे माझ्याच तक्त्यातल्या सूचनेप्रमाणे अगदी बरोबर होते. परत आलेल्या जॉबचे अनुक्रमांक मी तासांशी लावून पाहिले, तर जवळजवळ सगळे साडेबारानंतरचे निघाले. तारखांशी लावून आम्ही थांबलो होतो, तासापर्यंत गेलोच नव्हतो.

मग त्या चार दिवसांची पाने उघडली. मुलाने सकाळी ६२.०१५ लिहिले होते, दहाला ६२.०१५, साडेबाराला ६२.०१५ आणि तीनलाही ६२.०१५. मी त्याला बाजूला घेऊन विचारल्यावर त्याने खाली मान घालून कबूल केले की तो सकाळी पहिला जॉब मोजत असे आणि पुढे तोच आकडा उतरवत असे. ऑफसेटला त्याने हात लावला नव्हता. म्हणजे जो मोजत होता त्याचे जॉब परत येत होते आणि जो मोजतच नव्हता त्याचे पास होत होते. त्या मुलाला रागवावे की आभार मानावेत, हे मला त्या क्षणी खरोखर कळले नाही. रागावलो, पण त्यात जोर नव्हता.

आता प्रश्न एकच राहिला. दुपारी गेजचा काटा पुढे का जातो? मी पुन्हा माशासमोर उभा राहिलो आणि ‘थंडी’, ‘स्पिंडल गरम होणे’ व ‘धुण्याआधी मोजणी’ ही तीन हाडे तीन वेगवेगळ्या काट्यांवर एकमेकांपासून हातभर अंतरावर लिहिलेली दिसली. मावशींचे न लिहिलेले वाक्य तेव्हा आठवले. ही तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगत होती आणि ती माझ्या काट्यावर हवी होती.

अॅल्युमिनियम तापमानाच्या प्रत्येक अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते. ६२ मिलिमीटरच्या बोअरला हा हिशेब अंशामागे जवळजवळ १.४ मायक्रॉनचा होतो, म्हणजे १५ अंशांच्या फरकाला २१ मायक्रॉन. आमची सारी मुभा ३० मायक्रॉनची! ड्रॉइंगवरचे माप २० अंश सेल्सियसला खरे धरायचे असते. आयएसओच्या मानकांमध्ये पहिल्या क्रमांकाचे मानक याच विषयाचे आहे आणि पदविकेच्या पहिल्या वर्षी ते मी पाठ केले होते. पण माझी आधीची दहा वर्षे पोलादाच्या बुशवर गेली. पोलाद याच्या निम्मेच प्रसरण पावते आणि तिथल्या टॉलरन्सही ढिल्या होत्या, त्यामुळे पाठ केलेले कधी कामाला आले नव्हते.

गेज मशीनजवळ नेण्याचा निर्णय माझा होता, हे इथे सांगितले पाहिजे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जॉब कॅरेटमधून धुण्याच्या टाकीत, तिथून माझ्या खोलीत येत आणि तोवर निवत. चूक कळायला तास-दीड तास उशीर होतो म्हणून मी गेज मशीनशेजारच्या स्टँडवर नेले. महिन्याच्या बैठकीत त्या सुधारणेबद्दल मालकांनी माझे कौतुकही केले होते. शून्य मात्र मी सकाळी एकदाच, खोलीतल्या गार पोलादी मास्टर रिंगवर लावून देत असे.

अंदाज पटला तरी तो तपासायचा होता. पहिला प्रयत्न हास्यास्पद ठरला. करोनाच्या काळात गेटवर कपाळाचा ताप पाहण्यासाठी आणलेली बंदूक मी चकाकत्या बोअरवर रोखली, तर तिने एकदा एक आणि लगेच दुसरेच काही दाखवले. चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करते आणि आजूबाजूचीच परावर्तित करते, त्यामुळे अशी बंदूक त्यावर चालत नाही. मग शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडून टेकवून तापमान मोजायचे थर्मामीटर उसने आणले. सकाळी आठला मशीनमधून निघालेला जॉब १९ अंशांवर होता, कारण रात्रभर पत्र्याच्या शेडखाली कुलंटची, म्हणजे कापताना जॉबवर सोडायच्या द्रवाची, टाकी गारठलेली असे. दुपारी अडीचला तोच आकडा ३६ झाला. टाकी लहान, चिलर नाही, आणि जॉब ज्या कुलंटमध्ये भिजतो त्याच्याच तापमानाला येतो.

अडीच ते तीनच्या दरम्यानचे दहा जॉब मी मार्करने क्रमांक घालून वेगळे काढले. मशीनजवळ ते ६२.०१४ ते ६२.०२० भरले. रात्रभर खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, खोलीत २० ते २१ अंश असताना मोजले, तर ६१.९९३ ते ६१.९९८. प्रत्येक जॉबचा फरक २० ते २३ मायक्रॉनचा. केवळ यावर समाधान न मानता त्या दुपारी आम्ही उलटही करून पाहिले. काकांना ऑफसेटला हात न लावण्याची विनंती केली. त्यांनी ती नाइलाजाने मानली, कारण गेज ६२.०३६ दाखवत असताना गप्प उभे राहणे त्यांच्या स्वभावात नाही. तेच जॉब दुसऱ्या दिवशी ६२.०१४ च्या आसपास भरले.

ऋतूने इथे माझ्यावर उपकारच केले. नाशिकच्या जानेवारीत सकाळ आणि दुपार यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो म्हणून दोष दुपारपुरता राहिला आणि तासांचा धागा हाती लागला. हेच गेज मी एप्रिलमध्ये हलवले असते, तर सकाळपासूनच जॉब गरम निघाले असते, दिवसभर सारखेच रिजेक्शन झाले असते आणि बहुधा काका डीबरिंगच्या टेबलावर गेले असते.

उपाय फारसे खर्चाचे नव्हते. गेज मशीनजवळच ठेवले, कारण चूक लवकर कळण्याचा फायदा खरा होता. त्याच अॅल्युमिनियमची एक मास्टर रिंग करून तिचे माप प्रयोगशाळेतून प्रमाणित करून आणले आणि ती कुलंटच्या प्रवाहात ठेवायला सुरुवात केली. ती जॉबइतकीच गरम वा गार होते, म्हणून दर दोन तासांनी तिच्यावर शून्य लावला की दोघांचे प्रसरण एकमेकांना छेद देते. अंतिम तपासणी पूर्ववत धुऊन आणि निववून. चिलरचा प्रस्ताव मी दिला होता, तो अजून मालकांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

अहवालासाठी मी नवा मासा काढला. त्यात मोजमापाच्या काट्यावर सात हाडे आहेत आणि ती सांगण्यासाठी मी पेन काकांच्या हाती देऊन स्वतः समोर बसलो होतो. जुना कागद अजून माझ्या खोलीत आहे. त्यावरची ‘ऑपरेटरची दृष्टी’ ही ओळ खोडायला मी एकदा पेन उचलले, तेव्हा काकांनीच मला थांबवले. मधल्या काळात त्यांनी कॉलेज रोडला जाऊन डोळे तपासून घेतले होते आणि नंबर पावने वाढलेला निघाला होता.